गाडी हलकी केली आणि मागून फेकायला लागली

गेल्या पावसाळ्यात भाचा धायरीला घरी आला तो चेहरा पाडूनच. "मामा, पुढचे दोन टायर नवे टाकले, मागचे शॉकअप बदलले, अलाइनमेंट तीनदा केली. दर वेळी आठ-दहा दिवस गाडी शहाण्यासारखी चालते आणि मग परत तेच."

"तेच" म्हणजे नक्की काय, हे त्याच्याकडून काढून घ्यायला अर्धा तास गेला. जुन्या कात्रज घाटातून पुण्याकडे उतरताना वळणाच्या तोंडाशी ब्रेक दाबला की गाडीची शेपूट बाजूला सरकते. सिंहगड रोडच्या गतिरोधकांवर मागची चाकं टणाटण उडतात. लांबलचक गोल वळणावर मात्र बरोबर उलटं होतं: पुढची चाकं बाहेर पळतात, स्टेअरिंग कितीही वळवा. एकाच गाडीत पुढचंही सुटतंय आणि मागचंही. त्यामुळे ज्या मेस्त्रीला जे टोक दिसलं, त्याने त्या टोकावर इलाज केला.

ही तक्रार मी आजवर चार-पाच गाड्यांत पाहिली आहे आणि मूळ दर वेळी एकच निघालं आहे. गाडीतून किती वजन काढलं हे मालकाला तोंडपाठ असतं. ते कुठून काढलं, याचा हिशोब कोणीच केलेला नसतो.

भाच्याची गाडी २००४ची मारुती झेन. आधीच्या मालकाने तिला सीएनजी बसवला होता. भाच्याने डिक्कीतला सिलिंडर काढला. त्यानंतर रविवारी मोकळ्या मैदानात शंकू लावून सराव करायचा म्हणून मागची सीट, स्टेपनी, जॅक, पाने, मागचं कार्पेट, स्पीकरचा खोका असं सगळं काढून टाकलं. पिकअप खरंच सुधारला. हलकी गाडी लवकर वेग घेते, ब्रेकवर लवकर थांबते, टायर कमी तापतात, आणि टायरवरचा भार कमी झाला की दर किलोमागे त्याची पकड थोडी वाढतेच. वजन कमी करण्याला माझा विरोध नाही. पण पुढे इंजिन आणि पुढचीच चाकं ओढणारी छोटी हॅचबॅक घेतली, तर तिच्यात पटकन निघण्यासारखं जवळजवळ सगळंच मागे असतं. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर काही काढता येत नाहीत.

आधी एक काम करा, पाना हातात घेण्यापूर्वी. तक्रार कधी होते ते आठ दिवस लिहून काढा: ब्रेकवर, ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यावर, एकसारख्या वेगाच्या वळणावर, की फक्त खड्ड्यावर? रस्ता ओला होता की कोरडा? गाडीत किती माणसं होती? आणि पेट्रोलचा काटा कुठे होता? हा शेवटचा प्रश्न मी भाच्याला विचारला आणि आठ-दहा दिवसांचं कोडं तिथेच सुटलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर "आता लांब फिरवून बघू" म्हणून तो टाकी फुल्ल करायचा. झेनची टाकी ३५ लिटरची. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे फुल्ल टाकीत सुमारे २६ किलो, आणि टाकी मागच्या सीटखालच्या भागात. जड टाकी मागची चाकं रस्त्याला दाबून धरत होती. काटा खाली आला की दुरुस्ती "उतरायची". टायर, शॉकअप आणि अलाइनमेंट यांपैकी कशाचाच त्या आठ दिवसांशी संबंध नव्हता.

मग वजन करायचं ठरलं. ट्रकचा वजनकाटा या कामाला ढोबळ पडतो, कारण तो पाच-दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ओळखीच्या एका आडत्याकडे गोणी तोलायचा ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा आहे, तो दुपारची गर्दी ओसरल्यावर मागून घेतला. सपाट फरशी बघायची. एक चाक काट्यावर, बाकीची तीन चाकं काट्याच्याच उंचीच्या लाकडी फळ्यांवर. हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रल, गाडी एकदा हलवून स्प्रिंग मोकळ्या करून घेतलेल्या. असं चारही चाकांचं करायचं. फळ्या एकाच उंचीच्या नसतील तर आकडे खोटं बोलतात, म्हणून त्या मोजूनच घ्या. इंजिनिअरिंग कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धेसाठी गाड्या बनवणाऱ्या मुलांकडे चार चाकांखाली ठेवायचे चार काटे असतात. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर फारच उत्तम.

शेजाऱ्यांची हात न लावलेली झेन सोबत नेली होती. दोन्ही टाक्यांत पाच-सहा लिटर पेट्रोल, गाडीत कोणी नाही. शेजाऱ्यांची भरली ७३५ किलो: पुढे ४५५, मागे २८०. भाच्याची ६८५: पुढे ४५३, मागे २३२. गाडीतून गेले ५० किलो आणि त्यातले ४८ मागच्या चाकांवरचे. पुढच्या चाकांना जवळजवळ पत्ताच नाही! पुढे-मागे ६२ आणि ३८ टक्के असलेली वाटणी ६६ आणि ३४ झाली होती.

स्टेपनीचा यात वेगळा वाटा आहे. ती मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्याही मागे असते, म्हणून तरफेसारखं काम करते. जॅक-पान्यांसकट १६ किलो काढले, तर मागच्या चाकांवरून साधारण १९ किलो कमी होतात आणि पुढच्यांवर तीनेक किलो चढतात. सीसॉच्या टोकाला बसलेलं पोर उतरलं की दुसरं टोक खाली जातं, तसंच. शिवाय टोकाचं वजन काढलं की गाडी स्वतःभोवती लवकर फिरते. वळणात शिरताना हे हवंहवंसं वाटतं, पण मागचं सुटलं तर ते सुटणंही तितकंच झटकन होतं आणि स्टेअरिंग उलटं फिरवून सावरायला वेळ कमी मिळतो.

आता ब्रेकचा हिशोब करू, कारण घाटातला प्रकार इथे उलगडतो. ब्रेक दाबला की मागचं वजन पुढे जातं. किती जातं ते गाडीचं वजन, ब्रेकचा जोर, गुरुत्वमध्याची (गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूची) उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर यावर ठरतं. झेनमध्ये हे अंतर २३३५ मिलिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५२ सेंटिमीटर धरू आणि ब्रेक गुरुत्वाच्या ०.७ पट, म्हणजे बऱ्यापैकी जोरात. शेजाऱ्यांच्या गाडीत साधारण ११५ किलो पुढे जातात आणि मागे १६५ उरतात. भाच्याच्या गाडीत १०७ पुढे जातात आणि मागे उरतात फक्त १२५. गाडी सात टक्क्यांनी हलकी झाली, पण ब्रेकखाली मागच्या चाकांवरचा भार चोवीस टक्क्यांनी घटला. उतारावर तो आणखी घटतो.

मागच्या चाकांतल्या ब्रेकच्या ड्रमला प्रेशर मात्र पूर्वीइतकंच जातं. कंपनीने ठरवलेला प्रेशरचा वाटा १६५ किलोंसाठी होता. चाकावर भार १२५चा, म्हणून ते आधी जाम होतं, आणि जाम झालेलं चाक बाजूला धरून ठेवण्याची ताकद जवळजवळ गमावतं. मागचं सरकतं ते यामुळे. नवे लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) टाकाल तर मागचा ब्रेक आणखी लवकर पकडेल आणि त्रास वाढेल. एका गॅरेजमध्ये भाच्याला नेमका हाच सल्ला मिळाला होता. त्याने तो ऐकला नाही हे बरं झालं.

लांब वळणावर पुढचं पळण्याचं कारणही याच आकड्यांत आहे. एकसारख्या वेगाने वळताना प्रत्येक जोडीला आपापल्या वाट्याच्या वजनाएवढं काम करावं लागतं. पुढच्यांच्या वाट्याला ६६ टक्के आले आणि टायर पुढे-मागे एकाच मापाचे, म्हणजे पुढचे आधी दमणार. म्हणून ही गाडी शांतपणे वळताना पुढून पळते आणि ब्रेक मारला किंवा ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागून सुटते. दोन्ही दुखण्यांचं मूळ एक आहे, आणि एकावर उपाय करायला जावं तर दुसरं चिघळतं. मागे जाड अँटी-रोल बार (वळताना गाडीला कलू न देणारा आडवा दांडा) टाकून पुढचं पळणं कमी करता येतं, पण त्याची किंमत घाटातल्या ब्रेकवर मोजावी लागते. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत मी तो सौदा कधीच करणार नाही.

आता गतिरोधकावर उडणारी चाकं. स्प्रिंग तीच राहिली आणि तिच्यावरचं वजन कमी झालं की ती तेवढ्या वजनाला कडक ठरते, गाडी मागून उचलल्यासारखी दिसते आणि चाक रस्ता सोडून हवेत जास्त वेळ राहतं. हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळता येतं. पण भाच्याच्या गाडीत यात आणखी एक भर होती, आणि पुण्यात सीएनजीवरून परत पेट्रोलवर आलेल्या प्रत्येकाने ती तपासावी. साठ लिटरचा लोखंडी सिलिंडर पन्नास-साठ किलोंचा असतो. त्याच्या भाराने मागचा भाग बसू नये म्हणून किट बसवताना बरेच जण स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालतात किंवा स्प्रिंगच जास्त कडक टाकतात. सिलिंडर काढणारा दुसराच माणूस असतो, तो बफर काढत नाही. गाडी जॅकवर घेऊन, वाकून, टॉर्चने बघा. भाच्याच्या गाडीत दोन्ही बाजूंना बफर होते, वर मातीचा थर बसल्यामुळे दिसतही नव्हते. ते काढल्यावर निम्मी टणटण त्याच दिवशी थांबली. नवे शॉकअप त्याने यापूर्वीच टाकले होते, ते पैसे वाया गेले.

इथे ब्रेकशी जोडलेला आणखी एक सापळा आहे. काही गाड्यांत, विशेषतः माल वाहणाऱ्या व्हॅनमध्ये, मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांड्याने मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. मागचा भाग बसला की व्हॉल्व्ह समजतो गाडी भरलेली आहे आणि मागे जास्त प्रेशर सोडतो. अशा गाडीचं वजन कमी केलं आणि ती मागून उंच दिसते म्हणून स्प्रिंगचा वेढा कापून खाली बसवली, तर रिकामी गाडी व्हॉल्व्हला भरलेली वाटते. मग मागची चाकं कोरड्या रस्त्यावरही जाम होतात. स्प्रिंग कापणं तसंही वाईट, पण इथे ते थेट जीवावर बेतू शकतं. उंची बदलली असेल तर त्या दांड्याचं सेटिंग कंपनीच्या मापाप्रमाणे करून घ्याच. व्हॉल्व्ह अंदाजाने हलवू नका.

टायरचं लवकर आटोपतो. भाच्याने नवे टायर पुढे टाकले होते आणि मागे जवळजवळ गोटा झालेले, वर कडक पडलेले. बहुतेकांना पुढचे जास्त झिजतात म्हणून नवे पुढे टाकावेसे वाटतात. चांगली जोडी नेहमी मागे हवी, आणि मागून हलक्या झालेल्या गाडीत तर हवीच. पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते आणि माणूस आपोआप वेग कमी करतो. मागचं घसरलं तर ती फिरते. टायरचं वय त्याच्या कडेवरच्या चार आकड्यांवरून कळतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हवा पूर्वीइतकीच भरत असाल तर हलक्या मागच्या चाकांत ती आता जास्त ठरते. टायरवर आडवी खडूची जाड रेघ ओढा, सरळ रस्त्यावर थोडी गाडी चालवा आणि बघा. फक्त मधलाच खडू पुसला गेला असेल तर हवा जास्त आहे. आम्ही मागच्या चाकांतली हवा दोन पीएसआयने उतरवली. यापेक्षा जास्त उतरवू नका, माणसं मागे बसणार असतील तर मुळीच नको.

मग दुरुस्ती काय केली? बफर निघाले. चारही टायर एका जातीचे झाले. मागची सीट आणि स्टेपनी परत आत गेली. भाच्याला हे जड गेलं. पण गाडी रस्त्यावरही चालते, आणि सीट काढली की आरसीवर लिहिलेली आसनं आणि प्रत्यक्ष गाडी जुळत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे मनमानी बदल करता येत नाहीत. सीएनजी काढला तर तोही आरटीओत नोंदवावा लागतो. अपघात झाला आणि कागद जुळले नाहीत तर विम्याच्या दाव्याचं काय होईल याचा विचार करा. कार्पेट आणि स्पीकरचा खोका मात्र बाहेरच राहिले. ते मिळून १८ किलो.

त्यानंतर बॅटरी. पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असलेली १० किलोंची बॅटरी डिक्कीत नेली, की पुढून साधारण १२ किलो उतरतात आणि तेवढेच मागे चढतात. एक ग्रॅमही न काढता वाटणी सुधारते. हे काम जुजबी करायचं नाही: बंद प्रकारची बॅटरी, पक्का ट्रे, जाड केबल, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर पत्रा घासून आग लागू शकते. वायरिंगचं काम स्वतः जमत नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पुन्हा मार्केट यार्ड, पुन्हा तोच काटा. गाडी ७१७ किलो: पुढे ४४१, मागे २७६. त्याच जोराच्या ब्रेकखाली मागे उरणारा भार १६४ किलो येतो, म्हणजे कंपनीतून आलेल्या गाडीइतकाच. आणि गाडी तिच्यापेक्षा १८ किलोंनी हलकी. भाच्याने काढलेल्या पन्नासांपैकी अठराच टिकले, पण ते अठरा आता उपयोगी पडतात. पेट्रोल संपत आलं तरी शेपूट जागेवर राहते. मैदानात शंकूंमधूनही त्याचं वळण आता आधीपेक्षा नेमकं पडतं, कारण पुढच्या टायरवरचं ओझंही कमी झालं.

वजनाची जागा किती महत्त्वाची असते हे मला पोर्श ९११ च्या इतिहासातून पटलं. तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, आणि सुरुवातीच्या गाड्या मागून सुटायच्या. कंपनीने काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत सुमारे ११-११ किलोंचे तुकडे बसवले! वेगासाठी बनवलेल्या गाडीत मुद्दाम वजन वाढवलं. पुढे १९६९च्या मॉडेलमध्ये मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन बॅटऱ्या ठेवल्या. याउलट १९९६ची लोटस एलिस जेमतेम ७२५ किलोंची, आमच्या झेनच्या आसपासचीच. पण तिचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे. म्हणून "एलिस एवढी हलकी केली" असं सांगणाऱ्या हॅचबॅकवाल्यांना मी आधी पुढचा आणि मागचा आकडा वेगवेगळा विचारतो.

नव्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. २०१९पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत एबीएस, म्हणजे ब्रेकवर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे आणि त्यासोबत येणारं ईबीडी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी सोय, मागच्या चाकांचं प्रेशर स्वतःच सांभाळतं. त्यामुळे मागून वजन काढलं तरी ब्रेकवर शेपूट पटकन सुटणार नाही आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटेल. पण लांब वळणावर पुढचं पळणं आणि खड्ड्यावर उडणं तसंच राहतं. ब्रेक दाबताना एबीएसची थरथर पूर्वीपेक्षा लवकर आणि वारंवार येत असेल, तर मागचं वजन कमी झाल्याचीच ती खूण समजा.

चाचणी घाटात घेऊ नका. कात्रज असो, दिवे घाट असो की ताम्हिणी, तिथे समोरून दुचाकीवर कोणाचं तरी कुटुंब येत असतं. परवानगी घेतलेलं मोकळं मैदान, चाळीसचा वेग, आणि दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जागा असली की मागचं सुटतंय का ते नीट कळतं. एकदा टाकी फुल्ल असताना आणि एकदा काटा तळाला असताना बघा. दोन्ही वेळी गाडी सारखीच वागली पाहिजे.

आणि हे सगळं करूनही शेपूट दर वेळी एकाच बाजूला जात असेल, तर दोष वजनाचा नाही. मागचे दोन्ही ड्रम उघडा. एका बाजूचा व्हील सिलिंडर (लायनर ड्रमवर दाबणारी छोटी नळी) गळून लायनर ओला झालेला असेल, हँडब्रेकची एक केबल ओढून राहिलेली असेल किंवा एका बाजूचा ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर राखणारा भाग) अडकलेला असेल. मागे भरपूर वजन असताना असे दोष दबून राहतात. गाडी हलकी झाली की ते वर येतात.